प्लगची जबानी

ट्यूनिंगला दिलेली गाडी संध्याकाळी ताब्यात मिळते तेव्हा पुढच्या सीटखाली नाहीतर डिकीत एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने प्लग. नवे खरोखरच टाकलेत, नुसतं बिल लावलेलं नाही, याचा तो पुरावा. मालक पिशवीत डोकावतो, काळपट लोखंड बघून त्याचं समाधान होतं आणि घरी पोचल्यावर पिशवी कचऱ्यात जाते. माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वस्तू त्या पिशवीत असते. नवे प्लग पैसे टाकले की कुठंही मिळतात. पण गेले वीस हजार किलोमीटर इंजिनाच्या पोटात काय चाललं होतं हे सांगू शकणारे साक्षीदार हे जुनेच. त्यांची जबानी न घेताच आपण त्यांना वाटेला लावतो.

तसे पिस्टन आणि व्हॉल्व्हही त्याच आगीत राहतात. पण त्यांची भेट घ्यायची तर हेड उतरवावं लागतं, आणि हेड उतरवणं म्हणजे गाडी आठवडाभर गॅरेजात. प्लग मात्र एका पान्यानं दहा मिनिटांत बाहेर येतो. घरच्या घरी गाडीचं काही करायची हौस असेल तर सुरुवात ऑइल बदलण्यापासून करू नये, प्लगपासून करावी, असं मी सांगत आलो आहे. ऑइल काही बोलत नाही. (डिझेल गाडीवाल्यांनी इथून पान उलटलं तरी चालेल. डिझेलमध्ये हवा दाबूनच इतकी तापते की इंधन आपोआप पेटतं, ठिणगी लागतच नाही. एसटीच्या डेपोत हयात घालवलेला मेकॅनिक पेट्रोल गाडीच्या ट्यूनिंगला हात लावायला का कचरतो, त्याचं कारण हेच.)

प्लगचं काम ऐकायला फार साधं. दोन टोकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट, त्या फटीतून ठिणगी उडवायची. पण इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला पंचवीस वेळा हे करावं लागतं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्यानं मिलिमीटरची फट पार होत नाही. म्हणून मध्ये कॉईल असते. तिच्यात दोन वेटोळी: जाड तारेची थोडी, बारीक तारेची हजारो. जाड वेटोळ्यातला प्रवाह (जुन्या गाड्यांत पॉइंटनं) झटक्यानं तोडला की बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा धक्का तयार होतो. तो मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो, आत फिरणारा रोटर तो पाळीपाळीनं एकेका टोकाला देतो, तिथून प्लगची वायर, मग प्लग, मग फट, आणि शेवटी इंजिनाच्या अंगातून परत बॅटरीकडे. हा सगळा रस्ता नीट लक्षात घ्यायला हवा, कारण या लेखाची सगळी भानगड त्या रस्त्यावरच आहे.

ही पद्धत शंभराहून जास्त वर्षांची. १९०२ साली स्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. त्याआधीच्या मॅग्नेटोत ठिणगी पाडायला सिलिंडरच्या आत हलणारे सांधे असत. ते झिजत आणि वेग वाढला की साथ सोडत. होनोल्डच्या रचनेत आत हलणारं काहीच उरलं नाही. आपल्याकडे बॉशचा माल कलकत्त्याच्या एजन्सीमार्फत १९२२ पासून येत होता. १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, स्थापन झाली, आणि पुढं दोन-तीन पिढ्यांना प्लग म्हटलं की मायकोच आठवायचा. नाशिकला मायको सर्कल आजही त्याच नावानं ओळखलं जातं. गंमत अशी की तिथल्या कारखान्याची ओळख डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांची, प्लगची नव्हे. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं तरी काउंटरवर जाऊन ‘मायकोचा प्लग द्या’ म्हणणारे अजून भेटतात, आणि दुकानदारही एका शब्दानं न टोकता हव्या त्या कंपनीचा प्लग काढून देतो.

महाराष्ट्रात ज्या इंजिनावर सर्वाधिक लोक हे काम शिकले असतील ते बहुधा प्रीमियर पद्मिनीचं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि फियाटच्या परवान्यावर तिथं गाड्या बनू लागल्या. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं ते इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत दिवसरात्र राबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, खिशातल्या पॉलिश पेपरनं पॉइंट घासणारा ड्रायव्हरही गेला.

त्यातला एक अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सापडला. आधी टॅक्सी चालवली, मग गुडघे गेले म्हणून एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला बसले. मी वायरींबद्दल विचारलं तसे खुलले.

‘‘साहेब, गिऱ्हाईक येतं ना, ते प्लगच मागतं. गाडी झटके मारते, चार प्लग द्या. मी विचारतो, पेट्रोलवर मारते का गॅसवर? म्हणाला गॅसवर, की मी प्लग देतच नाही आधी. म्हणतो वायर बघून ये.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय, शेजारच्या दुकानातनं प्लग घेतो. आठवड्यानं येतो परत. वायर घ्यायला.’’

या माणसाच्या प्रश्नात अख्खं शास्त्र आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरातल्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल ते देतेही, पण वाढलेला दाब वायरीत जिथं कमकुवत जागा असेल तिथून बाहेर पडायला बघतो. कालपर्यंत पेट्रोलवर गुळगुळीत चालणारी गाडी गॅसवर टाकताच उचक्या देते, आणि आळ येतो गॅस किटवर नाहीतर प्लगवर. वायर नामानिराळी राहते.

प्लग वाचता यायला हवा, हे म्हणणं सोपं. वाचायचं कसं, ते सांगतो. प्लगच्या टोकाशी पांढऱ्या चिनीमातीसारखा दिसणारा जो भाग असतो तो ॲल्युमिनाचा. मधला इलेक्ट्रोड त्याच्यातून बाहेर डोकावतो. इंजिन धडधाकट असेल तर या पांढऱ्या नाकावर फिकट तपकिरी झाक येते. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा कार्ब्युरेटरचं सेटिंग बिघडलंय. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. तिथं नवा प्लग टाकून काही उपयोग नाही. नाक पांढरंफटक, त्यावर बारीक फोड आणि इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या, तर इंजिन फार तापतंय: हवा जास्त, टायमिंग पुढं, नाहीतर प्लगच चुकीचा. आणि काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच नीट पडत नाही. आलेलं पेट्रोल न जळता तसंच राहतंय.

जुन्या पुस्तकांवर विसंबून वाचणाऱ्याची एका ठिकाणी फसगत होते. त्यांत चांगल्या प्लगचा रंग गडद, जवळजवळ बिस्किटी दिलेला असतो. त्या रंगात पेट्रोलमधल्या शिशाचा मोठा वाटा होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि प्लग फिके दिसू लागले. आजच्या गाडीतून जवळजवळ पांढरट प्लग निघाला म्हणून लगेच घाबरून कार्ब्युरेटरला हात घालू नये. फोड आहेत का, कडा शाबूत आहेत का, ते आधी बघावं.

कोथरूडच्या एका सोसायटीत हे सगळं मला एका रविवारी बघायला मिळालं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८००, आणि वरच्या मजल्यावरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारी मुलगी. गाडीचं दुखणं असं: सपाटीवर ठीक, पण पौड रोडनं चांदणी चौकाचा चढ लागला की मिसिंग. पिकअप नाही, ॲव्हरेज घसरलेलं. काही महिन्यांपूर्वीच एका गॅरेजनं तिन्ही प्लग बदलून दिले होते. त्यानं महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गॅरेजवाल्याचं आता म्हणणं होतं, इंजिन काढायला आलंय.

इंजिन थंड होतं. मुलीनं आधी सायकलच्या पंपानं प्लगभोवतीची धूळ उडवली. प्लग निघाल्यावर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते, हे बरेच मेकॅनिकही विसरतात. मग एकच वायर काढली. वायरीला न धरता, टोकाचा रबरी बूट धरून, जरा पिळून. एक वायर, एक प्लग, ते काम उरकल्यावर पुढची. तिन्ही वायरी एकदम काढून ठेवायच्या आणि मग कुठली कुठं ते आठवत बसायचं, या प्रकारात कितीतरी रविवार वाया गेलेत. मारुती ८००च्या तीन सिलिंडरचा फायरिंगचा क्रम १-३-२, पद्मिनीचा १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरवर दोन वायरी उलटसुलट झाल्या की ठिणगी भलत्याच वेळी पडते आणि सायलेन्सरमधून फटाके वाजतात. दिवाळीत शेजाऱ्यांना फरक कळणार नाही इतकंच.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले गेले, खाली पेननं आकडे.

‘‘काका, एक आणि तीन बघा, छान आहेत. हा दोन नंबरचा ओला आहे.’’

‘‘ऑइल असेल. तो गॅरेजवाला तेच म्हणत होता, रिंगा गेल्या.’’

तिनं प्लग नाकाशी नेला. ‘‘ऑइल नाही काका, पेट्रोल आहे. वास घ्या ना. बोटावर चिकटतही नाही.’’

काकांनी वास घेतला, चष्मा वर केला आणि काही न बोलता प्लग मला दिला. खरंच पेट्रोल.

पुढं तिनं जे केलं ते मी बऱ्याच नावाजलेल्या गॅरेजांत पाहिलेलं नाही. नवे प्लग आणायला ती धावली नाही. एक आणि दोन नंबरच्या प्लगची तिनं अदलाबदल केली, वायरी होत्या तिथंच ठेवल्या आणि काकांना चांदणी चौकाच्या चढावर एक चक्कर मारून यायला सांगितलं. परत आल्यावर बघते तर पुन्हा दोन नंबरचा काळा, जो आधी एक नंबरात बसून चांगला तपकिरी झाला होता. म्हणजे प्लग निर्दोष. एकच कार्ब्युरेटर तिन्ही सिलिंडरना एकसारखंच मिश्रण देतो, तेव्हा तिथंही संशयाला जागा नाही. ओळखीच्या गॅरेजातून आणलेल्या गेजनं कम्प्रेशन बघितलं, तिन्हींचं जवळपास सारखं. रिंगांवरचा आरोप तिथंच संपला. मग तिनं दोन आणि तीनच्या वायरी अख्ख्या अदलाबदल केल्या, टोकं मात्र आपापल्या जागी. लांबी जेमतेम पुरली. पुन्हा चढ. या खेपेला तीन नंबरचा प्लग ओला निघाला. दुखणं वायरीबरोबर सरकलं होतं.

मल्टिमीटर लावला तेव्हा त्या वायरीनं आकडा दाखवला खरा, आणि इतर दोघींपेक्षा तो फारसा वेगळाही नव्हता. एक पाच हजार ओहमच्या आसपास, एक सातच्या, लांबीप्रमाणे फरक. पण तिनं बुटाजवळ वायर जराशी वाकवली आणि आकडा गेला. सोडली की परत आला. आतला गाभा तुटला होता. मोकळेपणी टोकं भिडत, इंजिन हलायला लागलं की सुटत.

वायरीचा हा गाभा तांब्याचा असेल अशी बहुतेकांची समजूत असते. फार जुन्या गाड्यांत असे, पण तांब्याच्या वायरीतून ठिणगी उडाली की तिच्या लहरी रेडिओत खरखर करत येतात. घरात टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना खालून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपके नाचायचे, ते याच कुटुंबातलं. म्हणून नंतर कार्बन मुरवलेल्या धाग्याच्या, मुद्दाम रोध ठेवलेल्या वायरी आल्या. एका मीटरला साधारण दहा ते वीस हजार ओहम. हा गाभा नाजूक. बुटाऐवजी वायरीला धरून चार वेळा ओढली की आतून तो तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वायर ओढणारा हात बहुतेक वेळा प्लग बदलणाऱ्याचाच असतो. म्हणजे प्लग बदलण्याच्या नादातच वायर मरते, आणि मेलेल्या वायरीचा आळ पुढच्या खेपेला पुन्हा प्लगवर येतो. काकांच्या गाडीचं नेमकं हेच झालं असावं. नव्या प्लगच्या कडा धारदार, फट नेमकी. त्यांना ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून अधू वायरीवरही महिनाभर भागतं.

बाहेरचं आवरण जातं त्याची कथा वेगळी. उष्णता, ऑइल आणि वर्षं यांनी रबर कडक होतं, त्याला बारीक तडे जातात. उन्हाळ्यात ते खपून जातं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तड्यांत ओल शिरते आणि व्होल्टेजला इंजिनाच्या अंगावर उडी मारायला सोपी वाट मिळते. आंबा घाटात धुक्यात गाडी बंद पडली, ड्रायव्हरनं डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि गाडी सुरू झाली, हा अनुभव चाळिशीपुढच्या कोणत्याही कोल्हापूर-रत्नागिरीकराला असेल. कॅपच्या आत ओल बसून वारंवार ठिणगी सरकली की तिथं पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते. ती कार्बनची, वीज वाहून नेणारी. ती दिसली की पुसत बसू नये, कॅप बदलावी, सोबत रोटरही.

आवरणाची तपासणी बिनखर्चाची आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि कुंड्यांना मारायच्या फवाऱ्यातून लांबूनच पाण्याचा अगदी हलका फवारा वायरींच्या बाजूला सोडायचा. जिथं आवरण फुटलंय तिथं निळी ठिणगी चट्‌चट् उडताना दिसते, पाठोपाठ इंजिन अडखळतं. हात दूर ठेवायचे, पंख्यापासून आणि वायरींपासूनही. पेसमेकर बसवलेल्या माणसानं या खेळात मुळीच उतरू नये. चालू इंजिनावर एकेक वायर उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायची जुनी मिस्त्री पद्धतही घरी करू नये. पॉइंटच्या गाडीत ती चालून जायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये मोकळी सुटलेली ठिणगी कॉईल किंवा मॉड्यूल खाते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टरची किंमत ऐकली तर माणूस जन्मात पुन्हा वायर उपटणार नाही.

आणखी एक लाडकी चाचणी असते: प्लग काढून वायरीला जोडायचा, इंजिनाला टेकवायचा आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगायचं. ठिणगी पडली की प्लग ठीक. ही चाचणी अर्धीच खरी. सिलिंडरच्या आत मिश्रण आठ-नऊ पटींनी दाबलेलं असतं, आणि हवा जितकी दाट तितकी ठिणगीला फट ओलांडणं अवघड. बाहेर झकास पडणारी ठिणगी आत पडेलच असं नाही. म्हणूनच मिसिंग सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं: तिथं पाय दाबलेला, थ्रॉटल उघडा, सिलिंडर भरलेला. मोठ्या गॅरेजांत पूर्वी प्लग साफ करायचं यंत्र असायचं. वाळूच्या झोतानं काजळी उडवायची आणि मग दाबाच्या हवेत ठिणगी बघायची. ती खरी परीक्षा. तारेच्या ब्रशनं प्लग घासणं मात्र वाईट. ब्रशचा धातू चिनी नाकावर बारीक रेषांनी बसतो आणि विजेला नवी पळवाट मिळते.

प्लग विकत घेतानाची एक अडचण सीएसटी रोडच्या त्या काउंटरवर समजून घेतली. प्लग गरम असतो किंवा थंड. पांढरं नाक लांब असेल तर उष्णता इंजिनाच्या हेडकडे जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं: तो गरम प्लग. नाक आखूड, तर थंड. टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. नऊशेच्या आसपास गेलं तर ठिणगीआधीच तापलेल्या टोकानं पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. या दोन मर्यादांमध्ये टोक ठेवण्यासाठी प्रत्येक इंजिनाला विशिष्ट नंबरचा प्लग दिलेला असतो. आता गंमत बघा. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गरम. ‘एक नंबर वरचा देऊ का, चांगला चालतो’ असं दुकानदार म्हणाला तर आधी कंपनी विचारावी, मग गाडीचं मॅन्युअल उघडावं आणि त्यात लिहिलेलाच घ्यावा. नामांकित खोक्यातला डुप्लिकेट माल ही दुसरी भीती. खरा प्लग हातात घेतला की कळतो: छपाई स्वच्छ, आटे सफाईदार, बाजूचा इलेक्ट्रोड बरोबर मधल्यावर आलेला. खोट्याचा इलेक्ट्रोड बहुधा तिरका असतो.

काकांसाठी आम्ही नाना पेठेतून वायरींचा अख्खा सेट आणला. एकच वायर बदलावी असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला चुकीचा वाटला. एका वयाच्या वायरी एकाच वाटेनं जातात. प्लग मात्र तेच ठेवले. ओला झालेला पेट्रोलनं धुऊन वाळवला, फिलर गेजनं तिन्हींची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटरमध्ये आहे ना ते बघितलं. मॅन्युअलप्रमाणे एवढी. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत ती एक मिलिमीटरच्या आसपासही असते. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक इतकं बारीक असतं की गेज घुसवायच्या नादात मोडतं. त्यांना बोटही लावू नये, कारखान्यातून फट लावूनच येते.

बसवताना तिनं केलेली एक युक्ती माझ्या फार आवडीची. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घातला आणि पाइपच चिमटीत फिरवून प्लग आट्यात सोडला. आटा वाकडा लागला तर पाइप प्लगवर घसरतो, जोर लागतच नाही. हेड ॲल्युमिनियमचं, सुरुवातीलाच पाना लावला आणि आटा चढला तर हेड कायमचं बिघडतं. बोटानं पूर्ण बसल्यावर मग पाना. नव्या प्लगचं वॉशर टेकल्यावर अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त. जुनाच परत लावत असाल तर पाव फेऱ्याच्या आतच, कारण वॉशर आधीच दबलेलं असतं. टॉर्कचा पाना असेल तर वीस ते तीस न्यूटन-मीटर. टॉमीला पाइप घालून अंगाचा भार टाकणाऱ्यांनी पुढच्या वेळी प्लग कोण काढणार याचा विचार करावा. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका, म्हणजे रबर प्लगला चिकटून बसत नाही. आणि शेवटी वायर दाबताना ‘कट’ असा आवाज. तो आला नाही तर वायर बसलेली नाही.

चांदणी चौकाचा चढ काकांनी त्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये काढला. इंजिन काढायचं राहिलं.

आता खरं सांगायचं तर आजच्या गाड्यांत हा सगळा वायरींचा संसार उरलेला नाही. आधी डिस्ट्रिब्युटर गेला आणि एकेका कॉईलनं दोन-दोन सिलिंडर सांभाळले. त्या रचनेत दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी मिळे, एक कामाची आणि एक फुकट, आणि त्यातल्या एका प्लगमध्ये वीज उलट्या दिशेनं जाई, त्यामुळे जोडीतले प्लग वेगवेगळ्या ठिकाणी झिजत. मग प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉईल आली आणि वायर संपली. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य वीस-तीस हजार किलोमीटर, इरिडियमचं त्याच्या तिपटीहूनही जास्त. मधल्या काळात बॉनेट उघडायचं कारणच पडत नाही. गाडी अडखळली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर कोड येतो: पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आता जबानीची गरज काय, असं कुणी म्हणेल. पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, कम्प्रेशन, सगळे त्याच एका आकड्याआड उभे असतात.

त्या मुलीच्या वडिलांच्या गाडीत मध्यंतरी हाच कोड आला. वर्कशॉपनं चार कॉईल आणि चार प्लगचं एस्टिमेट दिलं होतं. तिनं घरीच एक आणि तीनच्या कॉईलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि बाबांना कात्रजच्या घाटातून फिरवून आणायला सांगितलं. दिवा परत लागला, या वेळी कोड पी०३०१. तिनं एक कॉईल मागवली. प्लग बाहेर काढले होतेच म्हणून बघितले. चारही ठीक होते, परत लावले.

‘‘सगळ्याच बदलून टाकल्या असत्या तर?’’ वडिलांनी विचारलं. वर्कशॉपवर त्यांचा जुना विश्वास.

‘‘बाबा, मग आपल्याला कळलंच नसतं ना कुठली गेली होती.’’

‘‘कळून काय करायचंय? गाडी चालल्याशी मतलब.’’

तिनं गेलेली कॉईल त्यांच्या हातात दिली. खालच्या रबरी नळीवर, वीज बाहेर निसटली होती तिथं, बारीक पांढरी रेघ होती. वडील ती उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले, आणि मग तिला विचारू लागले की हीच रेघ तपासायची तर आईच्या ॲक्टिव्हाचा प्लग कुठल्या बाजूनं काढायचा.